डोमेन नाव व घरगुती संकेतस्थळ

इंटरनेट या संगणकांच्या जागतिक जाळ्यातील एखाद्या ठिकाणाला दिलेले, माणसाला वाचता व स्मरणात ठेवता येईल असे नाव म्हणजे डोमेन नाव होय. स्वतःच्या घरी ठेवलेल्या संगणकावरून चालविलेल्या संकेतस्थळास घरगुती संकेतस्थळ म्हणता येईल. या दोहोंची सांगड घालणे, म्हणजे नाव लिहिताच वाचक त्या घरातील संगणकापर्यंत पोहोचेल अशी नोंद करून ठेवणे, ही आज अल्पावधीत उरकणारी बाब आहे. तथापि तिच्यामागे सु. पन्नास वर्षांचा इतिहास आहे. नाव कोणी द्यावे, पत्ता कोणी द्यावा आणि जाळ्याला जोडलेले घर केवळ वाचकाचे असावे की प्रकाशकाचेही, या प्रश्नांची उत्तरे या काळात वेळोवेळी बदलत गेली. सातारा जिल्ह्यातील शिरवळसारख्या गावाच्या संदर्भात हा इतिहास पाहिला असता त्या प्रश्नांचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

नाव, पत्ता व मार्ग : शिरवळ हे खंडाळा तालुक्यातील, नीरा नदीकाठचे व पुणे–सातारा मार्गावरील जुने गाव. गावाजवळ बौद्ध लेणी असून येथील सुभानमंगळ या भुईकोट किल्ल्याचा उल्लेख शिवकालाच्या आरंभीच्या इतिहासात येतो. नीरा नदी ही येथे पुणे व सातारा या जिल्ह्यांची सीमा होय. या गावी पाठवावयाच्या पत्रावर ‘मु. पो. शिरवळ, ता. खंडाळा, जि. सातारा’ असा पत्ता लिहिण्याची रीत आहे. त्यात लहान घटकाकडून मोठ्या घटकाकडे जाणारी श्रेणी आढळते. खंडाळा हे नाव महाराष्ट्रात एकाहून अधिक ठिकाणी आहे. बोरघाटातील खंडाळा विशेष प्रसिद्ध आहे. तरीही जिल्ह्याचे नाव जोडताच संदिग्धता उरत नाही. नाव सर्व जगात एकमेव असण्याची गरज नसते. ते आपल्या वरच्या घटकापुरते एकमेव असले म्हणजे पुरे. डोमेन नावांची सर्व रचना याच तत्त्वावर उभी आहे.

नावाखेरीज पत्त्याला क्रमांकही लागतो. भारतात टपालासाठी पिन क्रमांकाची पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातील वरिष्ठ अधिकारी व संस्कृत कवी होते. सहा अंकांपैकी पहिला अंक विभाग दर्शवितो आणि पहिले तीन अंक मिळून पत्रांची वर्गवारी करणारा टपाल जिल्हा कळतो. सातारा शहराचा क्रमांक ४१५००१ आहे, तर सातारा जिल्ह्यातच असलेल्या शिरवळचा ४१२८०१, खंडाळ्याचा ४१२८०२ व वाईचा ४१२८०३ आहे. ही ४१२ ची मालिका पुणे परिसराची होय. याउलट या भागाचे दूरध्वनी संकेतांक साताऱ्याच्या संकेतांकाला लागून आहेत. महसुली जिल्हा, टपालाचा मार्ग व दूरध्वनीची तार या तीन व्यवस्था एकाच गावाला तीन प्रकारे ओळखतात. नाव गावाची ओळख सांगते, तर क्रमांक हा तेथे पोहोचण्याच्या मार्गाशी बांधलेला असतो. नाव व क्रमांक यांतील हा भेद संगणकांच्या जाळ्यातही मूलभूत आहे.

प्रारंभीचा काळ : अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साहाय्याने १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेट या जाळ्यात आरंभी संगणकांची संख्या अगदी थोडी होती. प्रत्येक संगणकाचे नाव व क्रमांक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालील माहिती केंद्र नवीन नावे नोंदवून घेई आणि जाळ्यावरील इतर संगणक त्या यादीची प्रत वेळोवेळी उतरवून घेत. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने आजच्या इंटरनेटला आधारभूत असलेले संदेशवहनाचे नियम स्वीकारले. संगणकांची संख्या वाढत गेली, तसतशी एकाच ठिकाणची यादी अपुरी पडू लागली. यादी लांबत गेली, प्रती जुन्या होऊ लागल्या आणि नावांचा संघर्ष टाळण्याचे काम एका कचेरीवर येऊन पडले.

यावर उपाय म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये डोमेन नाव प्रणालीचा आराखडा प्रसिद्ध केला. ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत काम करीत होते. त्यांचे सहकारी जॉन पोस्टेल (१९४३–९८) यांनी हे काम त्यांच्याकडे सोपविले होते. या प्रणालीत संपूर्ण यादी कोणा एकाकडे नसते. मुळाशी असलेल्या सर्व्हरांना, म्हणजे सेवा देणाऱ्या संगणकांना, फक्त सर्वोच्च विभाग ठाऊक असतात. प्रत्येक विभागाला त्याखालील नावे ठाऊक असतात आणि त्या नावाच्या धन्याला आपल्या घरातील नोंदी. अधिकार वरून खाली सोपविला जातो व सोपविल्यानंतर वरचा घटक खालच्याच्या नोंदींत हात घालीत नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये सर्वोच्च विभागांची योजना निश्चित झाली. तीत .कॉम, .एज्यू, .ऑर्ग यांसारखे विभाग व प्रत्येक देशासाठी दोन अक्षरांचे विभाग यांची तरतूद होती. .कॉमखालील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदविले गेले. प्रणालीचे सुधारित नियम नोव्हेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले व काही भर घालून ते आजही पायाभूत मानले जातात. १९९८ मध्ये नावांच्या जागतिक व्यवस्थेसाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली.

भारतातील डोमेन नावे : भारतात शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणारे अर्नेट हे जाळे १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने आकारास आले. त्यात मुंबईच्या दोन संस्थांचा मोठा वाटा होता : पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (स्थापना १९८५). या केंद्राचे पहिले संचालक श्रीनिवासन रमणी हे अर्नेटच्या उभारणीतील प्रमुख तंत्रज्ञांपैकी एक होते. .इन हा भारताचा सर्वोच्च विभाग ८ मे १९८९ रोजी जागतिक नोंदीत आला व त्याचे व्यवस्थापन जुहूच्या याच केंद्राकडे आले. अशा रीतीने भारताची डोमेन नावे आरंभीची सु. पंधरा वर्षे मुंबईहून सांभाळली गेली.

सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली. .इनखाली नाव मिळविणे मात्र त्यानंतरही सुलभ नव्हते. नियम कडक होते व ती नावे प्रामुख्याने संस्थांच्या उपयोगाची होती. १९९२ ते २००४ या काळात .इनखाली केवळ सु. ७,००० नावे नोंदविली गेली. या काळात पुष्कळशा मराठी उपक्रमांनी .कॉमचा आश्रय घेतला. अमेरिकेतील मराठी भाषकांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये सुरू झालेले ‘मायबोली’ हे संकेतस्थळ त्याचे ठळक उदाहरण होय. तंत्रज्ञानाच्या कित्येक पिढ्या उलटूनही त्याचे नाव कायम राहिले आहे.

जून २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया (निक्सी) ही संस्था स्थापन झाली. तिच्याकडे दोन कामे आली. पहिले देशातील निरनिराळ्या सेवादात्यांची जाळी देशातच एकमेकांस जोडण्याचे. त्यापूर्वी दोन भिन्न कंपन्यांच्या ग्राहकांमधील संदेश पुष्कळदा परदेशी जाऊन परत येत असे. म्हणजे शिरवळ व कराड ही एकाच महामार्गावरील गावे असली, तरी एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मजकूर समुद्रापारची वाट धरी. मुंबईसह काही शहरांत विनिमय केंद्रे उभारून हा वळसा टाळण्यात आला. दुसरे काम .इन विभागाचे. २००५ च्या आरंभी या विभागाचे नियम उदार करण्यात आले. कोणाही व्यक्तीस अधिकृत नोंदणीदारामार्फत ठराविक वार्षिक शुल्क देऊन नाव घेता येऊ लागले. आजचे घरगुती संकेतस्थळ .इनखाली शक्य झाले ते या बदलामुळे.

डोमेन नाव हे केवळ पत्ता आहे की मालमत्ता, हा प्रश्नही याच सुमारास न्यायालयांपुढे आला. १९९९ मध्ये ‘रेडिफ’ या नावाशी साम्य असलेल्या नावाविषयीच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने डोमेन नावास निव्वळ पत्त्याहून अधिक मोल असल्याचे मान्य केले. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावास व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असा निर्णय दिला. असे असले, तरी नाव विकत घेतले जात नाही. ते मुदतीने घेतले जाते. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण केले नाही, तर ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. नाव हे एका अर्थी खंडाने घेतलेले शेत होय.

जोडणीची कृती : शिरवळ येथील एखाद्या गृहस्थाने आपल्या गावाच्या इतिहासाची कागदपत्रे व छायाचित्रे घरच्या संगणकावर ठेवून ती सर्वांना खुली करण्याचे योजिले, असे उदाहरणादाखल मानू. त्याच्या घरातील जोडणीला सेवादाता कंपनीकडून एक अंकीय पत्ता मिळालेला असतो. जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीनुसार हा पत्ता २०३.०.११३.२५ अशा चार अंकगटांचा असतो. नोंदणीदाराकडून नाव घेतल्यानंतर त्या नावाच्या नोंदी कोणत्या सर्व्हरवर पाहावयाच्या, हे .इन विभागास कळविले जाते. त्या सर्व्हरवर मग ‘या नावाचा पत्ता अमुक’ अशी नोंद केली जाते. नव्या, सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यासाठी निराळी नोंद असते. एका नावाला दुसऱ्या नावाचे उपनाव ठरविणारी नोंद आणि पत्रव्यवहारासाठीची नोंद याही वेगळ्या असतात.

आता सांगली येथील वाचकाने ते नाव आपल्या यंत्रावर लिहिले, की त्याच्या वतीने शोध घेणारा सर्व्हर प्रथम मुळाशी विचारतो. तेथून त्यास .इनच्या सर्व्हरांचा ठावठिकाणा मिळतो; .इनकडून त्या नावाच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हराचा आणि अखेर त्या सर्व्हराकडून शिरवळच्या घराचा अंकीय पत्ता. हा सर्व शोध बहुधा सेकंदाच्या अल्पांशात पुरा होतो. मिळालेले उत्तर किती वेळ साठवून ठेवावे, याची मुदत नोंदीतच सांगितलेली असते. त्यामुळे पत्ता बदलल्यास जुने उत्तर ती मुदत संपेपर्यंत काही वाचकांना मिळत राहते. घर बदलल्यानंतर काही दिवस टपाल जुन्याच घरी जावे, तसा हा प्रकार होय. नोंद बदलण्यापूर्वीच ही मुदत कमी करून ठेवल्यास खोळंबा टळतो.

पत्ता सापडल्यानंतरही संदेश संगणकापर्यंत पोहोचावा लागतो. पुष्कळशा घरांत एकच बाह्य पत्ता व त्यामागे अनेक यंत्रे असतात. जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजापर्यंत टपालवाल्याला पत्ता ठाऊक असावा आणि आतील बिऱ्हाडे फक्त देवडीवरच्या माणसाला ठाऊक असावीत, तशी ही रचना असते. देवडीचे काम राउटर हे यंत्र करते. बाहेरून संकेतस्थळासाठी येणारी मागणी आतील अमुक संगणकाकडे पाठवावी, अशी सूचना त्यास देऊन ठेवावी लागते. वाचक व संगणक यांमधील मजकूर वाटेत कोणास वाचता किंवा बदलता येऊ नये, यासाठी नावाची खातरजमा करणारे प्रमाणपत्रही घ्यावे लागते. पूर्वी ते विकत घ्यावे लागे. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने ते सर्वांस विनामूल्य व स्वयंचलित रीतीने देण्यास प्रारंभ केला.

घर : वाचक की प्रकाशक : विश्वजालाचा, म्हणजे संकेतस्थळांच्या व्यवस्थेचा, आरंभ पाहिला असता ती मुळातच स्वयंचलित छापखान्यांच्या संघासारखी होती, असे दिसते. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत १९९० च्या अखेरीस सुरू केलेले पहिले संकेतस्थळ त्यांच्या स्वतःच्या कामाच्या संगणकावरच होते. तो कोणी चुकून बंद करू नये, म्हणून त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटविली होती. ज्याच्याजवळ संगणक व जोडणी, तो वाचकही व प्रकाशकही, अशी ही कल्पना होती. लिनक्स (१९९१) व अपॅची (१९९५) या मुक्त आज्ञावलींमुळे साध्या संगणकावरही सर्व्हर चालविणे शक्य झाले.

ही कल्पना घरापर्यंत पोहोचण्यात तीन अडथळे आले. पहिला जोडणीच्या स्वरूपाचा. दूरध्वनीच्या तारेवरून तासाच्या हिशेबाने मिळणारी जोडणी सर्व्हरास उपयोगी नव्हती, कारण सर्व्हर सदैव जोडलेला असावा लागतो. भारत सरकारच्या २००४ च्या धोरणात सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाच्या अखंड जोडणीस ब्रॉडबँड म्हटले गेले आणि २००५ पासून भारत संचार निगमाची अशी सेवा गावोगाव पोहोचू लागली. परंतु तांब्याच्या तारेवरील या सेवेत मजकूर घरात येण्याचा वेग अधिक, तर घराबाहेर जाण्याचा वेग त्याच्या कितीतरी कमी ठेवलेला असे. घरातील माणूस घेणारा असतो, देणारा नसतो, हे गृहीत त्या तंत्रातच रुजलेले होते. प्रकाशतंतूच्या जोडणीत दोन्ही दिशांचे वेग समान ठेवता येतात. त्यामुळे हा अडथळा पुष्कळसा दूर झाला आहे.

दुसरा अडथळा बदलत्या पत्त्याचा. पत्त्यांची काटकसर करण्यासाठी सेवादाते घरगुती ग्राहकास कायमचा पत्ता देत नाहीत. जोडणी खंडित होऊन पुन्हा सुरू झाली, की तो बदलू शकतो. कायम पत्ता हवा असल्यास सामान्यतः वेगळे शुल्क द्यावे लागते. यावर तोड म्हणून एप्रिल १९९७ मध्ये नोंदी आपोआप बदलण्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यानंतर लवकरच घरचा पत्ता बदलताच नावाची नोंद बदलून देणाऱ्या सेवा प्रचारात आल्या. घरातील एक लहान आज्ञावली ठराविक वेळाने आपला बाह्य पत्ता तपासते व तो बदललेला दिसताच नोंदीत दुरुस्ती करविते. अशा काही सेवा आरंभी विनामूल्य होत्या. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध अशा डिनडीएनएसने मे २०१४ मध्ये विनामूल्य सेवा बंद केली. ज्यांनी स्वतःचे नाव न घेता त्या सेवेचेच नाव वापरले होते, त्यांना शुल्क भरणे किंवा आपले नाव सोडणे, एवढेच पर्याय राहिले.

तिसरा अडथळा पत्त्यांच्या टंचाईचा असून तोच आज सर्वांत बिकट आहे. चौथ्या आवृत्तीचे पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६ एवढेच आहेत. जागतिक साठ्यातील अखेरचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटण्यात आले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया–पॅसिफिक विभागाचा साठाही तळास गेला. भारतात इंटरनेटचा मोठा प्रसार त्यानंतर झाला. त्यामुळे जगाच्या इतर भागांनी वाटून घेतल्यानंतर उरलेल्या पत्त्यांवर भारतातील कोट्यवधी नव्या ग्राहकांची सोय लावावी लागली. यासाठी सेवादाते एकच बाह्य पत्ता शेकडो ग्राहकांमध्ये विभागून देतात. पूर्वीच्या उपमेत सांगावयाचे, तर येथे एका वाड्याला नव्हे, संपूर्ण पेठेलाच एक वेस असते आणि वेशीवरचा रखवालदार कंपनीचा असतो. घरातून बाहेर जाणाऱ्याला तो अडवीत नाही, म्हणून वाचणाऱ्याला काहीच उणे भासत नाही. पण बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला कोणत्या घरी पाठवावे, हे त्यास सांगण्याची सोय ग्राहकाजवळ नसते. अशा घराला नाव देता येते, परंतु त्या नावाने घर सापडत नाही. एप्रिल २०१२ मध्ये या व्यवस्थेसाठी पत्त्यांचा एक खास गट राखून ठेवण्यात आला. त्यावरून ती तात्पुरती तडजोड न राहता रूढ झाल्याचे दिसते.

यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ज्यास बाह्य पत्ता आहे अशा दुसऱ्याच्या सर्व्हरापर्यंत घरातून कायम वाहिनी उघडून ठेवणे आणि वाचकास त्या सर्व्हरावाटे घरी आणणे. हा मार्ग सुलभ आहे. मात्र ज्या परावलंबनातून सुटण्यासाठी घरी संकेतस्थळ ठेवले, त्याचा काही अंश त्यातून परत येतो. दुसरा मार्ग सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांचा. तिचे पहिले नियम डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. या पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये मांडावीत इतकी प्रचंड असल्याने घरातील प्रत्येक यंत्रास स्वतःचा जागतिक पत्ता मिळू शकतो. पत्त्यांच्या टंचाईचा सर्वाधिक फटका बसलेल्या भारतानेच हे पत्ते वेगाने स्वीकारले. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात ते आरंभापासून होते आणि या बाबतीत भारत जगातील अग्रेसर देशांत गणला जातो. ज्या वाचकांची जोडणी अद्याप केवळ जुन्या पत्त्यांची आहे, त्यांना मात्र अशा घरापर्यंत थेट पोहोचता येत नाही. म्हणून संक्रमणकाळात दोन्ही मार्ग एकत्र वापरणे इष्ट ठरते.

देवनागरी नावे : डोमेन नावांच्या मूळ नियमांत रोमन लिपीची २६ अक्षरे, दहा अंक व संयोगचिन्ह एवढ्या ३७ चिन्हांनाच स्थान होते. शिरवळ हे नाव रोमन लिपीत लिहावयाचे झाल्यास ‘व’ साठी दोन पर्याय उपलब्ध होतात आणि ‘ळ’ चा ‘ल’ होतो. नावाचा मुख्य गुण म्हणजे निःसंदिग्धता. मराठी गावांच्या बाबतीत लिपीनेच ती हिरावून घेतली. मार्च २००३ मध्ये इतर लिप्यांतील नावे या ३७ चिन्हांच्या सांकेतिक रूपात बदलण्याची पद्धती प्रमाणित झाली व २०१० मध्ये तिचे नियम सुधारण्यात आले. वाचकाला देवनागरी नाव दिसते, प्रणालीच्या आत मात्र सांकेतिक रूप वावरते. .भारत हा देवनागरी सर्वोच्च विभाग २७ ऑगस्ट २०१४ रोजी नोंदणीसाठी खुला झाला. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो व सिंधी या आठ भाषांना तो समाईक आहे. पुढे इतर भारतीय लिप्यांतील विभागही उपलब्ध झाले.

या नावांचे नियम ठरविताना प्रत्येक भाषेच्या लेखनाची वैशिष्ट्ये ध्यानी घ्यावी लागतात. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा; केवळ रफाराच्या रूपावर हा भेद अवलंबून असतो. युनिकोड या लिपिसंकेतात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असून डोमेन नावांतही ते ग्राह्य असल्याने मराठी नाव हा भेद राखून लिहिता येते. तथापि अनेक आज्ञावली व अर्ज देवनागरी नाव असलेला पत्ता अजून नाकारतात. त्यामुळे अशी नावे घेणारे बहुधा जोडीला एक रोमन नावही ठेवतात आणि .भारतखालील नावांचा प्रसार .इनच्या तुलनेने मर्यादित राहिला आहे.

लाभ व जबाबदारी : स्वतःचे नाव व स्वतःचा संगणक असण्याचे महत्त्व दुसऱ्याच्या जागेवर वसलेल्या संकेतस्थळांच्या इतिहासातून स्पष्ट होते. जिओसिटीज या सेवेवर १९९० च्या दशकात लक्षावधी लोकांनी विनामूल्य पाने उभारली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये ती सेवा अमेरिकेत बंद झाली, तेव्हा ती पाने मूळ पत्त्यावरून नाहीशी झाली. स्वयंसेवकांनी घाईने काढून घेतलेल्या प्रतींमुळे त्यांतील पुष्कळ मजकूर वाचला, पण त्याकडे निर्देश करणारे जुने दुवे निरुपयोगी ठरले. याउलट ज्याचे नाव स्वतःच्या हाती आहे, त्याला संगणक घरातून भाड्याच्या सर्व्हरावर किंवा तेथून परत घरी हलविता येतो. नोंदीतील एक क्रमांक बदलला, की वाचक नव्या जागी येतो. यंत्र व जोडणी बदलत्या गोष्टी आहेत. वाचकाचा संबंध नावाशी असतो. म्हणून नाव स्वतःचे असणे हे संगणक स्वतःचा असण्यापेक्षाही अधिक महत्त्वाचे ठरते.

त्याबरोबरच घरगुती संकेतस्थळाच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. वीजपुरवठा खंडित झाल्यास ते बंद पडते. त्यासाठी विजेरीची व्यवस्था लागते. घराकडे बाहेरून येण्याची वाट खुली केल्याने घुसखोरीचा धोका निर्माण होतो. आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करणे, संकेतस्थळाचा संगणक घरातील इतर यंत्रांपासून वेगळा राखणे आणि मजकुराची प्रत अन्यत्र ठेवणे अगत्याचे असते. पत्त्यावरून घराचा परिसर ढोबळमानाने ओळखता येतो, हीही बाब विचारात घ्यावी लागते. काही सेवादात्यांच्या अटींत घरगुती जोडणीवर सर्व्हर चालविण्यास मनाई असते. मोठ्या वाचकवर्गासाठी किंवा अखंड चालू राहणे अनिवार्य असलेल्या कामासाठी भाड्याची जागा अधिक सोयीची होय.

यंत्रसामग्रीचा खर्च मात्र आता फारसा आड येत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकामुळे व त्याच्या धर्तीवरील इतर यंत्रांमुळे अल्प विजेवर दिवसरात्र चालणारा सर्व्हर घरी ठेवणे परवडू लागले. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या केंद्र शासनाच्या योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता मिळाली. पुढे तीस भारतनेट असे नाव देण्यात आले. गावातील वाचनालय, शाळा किंवा स्थानिक इतिहासाचा अभ्यासक यांच्याजवळील कागद, हस्तलिखिते व छायाचित्रे गावातच ठेवून जगाला दाखविण्याची साधने यामुळे जुळून आली आहेत. नाव कोणाही नागरिकास मिळू शकते, ही गोष्ट २००५ मध्ये साध्य झाली आणि ते आपल्या लिपीत असू शकते, ही २०१४ मध्ये. त्या नावामागे घराला स्वतःचा, बाहेरून गाठता येईल असा पत्ता मिळणे ही तिसरी गोष्ट होय. नव्या पत्त्यांच्या प्रसाराबरोबर ती साध्य होऊ लागली असली, तरी सर्व घरांपर्यंत ती अद्याप पोहोचलेली नाही.